पाचशे

हेसल रोडवर तळलेल्या माशांच्या दुकानावरची खोली.
भाडं आठवड्याला नऊ पौंड, वास फुकट.
खाली एडना हॉक्सवेल हॅडक तळायची
आणि वर तिचा पुतण्या ग्लेन आणि मी
रेकॉर्ड कंपनी चालवायचो.
कंपनी म्हणजे एक टेबल, एक स्टेपलर
आणि मासे तोलायचा जुना काटा,
ज्याचं अर्ध्या स्टोनचं वजन हरवलेलं.
म्हणून नाव हाफ स्टोन.
एवढंच कारण. लोकांनी पुढे त्यात बरंच काही शोधलं.

त्या साली हलच्या गोदीत
बोटींपेक्षा बोटींची वाट बघणारेच जास्त होते.
थर्ड ट्रॉलरची चार पोरं बर्फाच्या बंद कारखान्यात
हातमोजे घालून तालीम करायची.
ड्रमवर मिक बर्डसॉल. बाप आइसलंडपर्यंत जाऊन आलेला,
आता घरात बसून टीव्हीशी भांडणारा.

पाचशेच्या खाली छापत नाही,
फॅक्टरीतला माणूस फोनवर म्हणाला.
पाचशे म्हणजे किती, आम्हाला कुठे ठाऊक!
पाचशे म्हणजे वीस खोकी,
जिन्यात, पलंगाखाली,
एडनाच्या बटाट्याच्या पोत्यांवर.
पाचशे म्हणजे ग्रंथालयातल्या झेरॉक्सवर काढलेली वेष्टणं,
एकेक दुमडायचं, एकेक चिकटवायचं,
अंगठ्यांवर गोंदाची साल,
रात्री दोनला ग्लेन ती साल सोलत म्हणाला,
आता एकदा ऐकूया का?

पहिली बाजू आमची.
दुसऱ्या बाजूवर सुई टेकवली
आणि चाळीसेक माणसं देवाला आळवू लागली.

कुठल्याशा डोंगरातल्या प्रार्थनाघराचा कोरस.
लेबल आमचं, वळ्या त्यांच्या.
चाचणीची प्रत आम्ही मागवली नव्हती,
सात पौंड वाचवले होते.

ग्लेन हसला नाही. मी हसले, मग रडले,
मग खाली जाऊन एडनाकडून दोन वाट्या वाटाणे आणले.
परत पाठवा, फॅक्टरी म्हणाली, टपालखर्च तुमचा.
आमच्याकडे तिकिटापुरतेही नव्हते.
रबरी शिक्का केला: दुसरी बाजू चुकीची आहे.
ठक्. पाचशे वेळा.

विकल्या. हळूहळू, रडतखडत,
पोस्टाच्या रांगेत, माझ्या पाठीवरून.
वितरक बुडाला तेव्हा आमचे एकशेचाळीस घेऊन बुडाला,
गायक लंडनला गेला, मोठ्या कंपनीने त्याचे केस कापले.
नॉर्वेहून एकाने लिहिलं:
चुकीची बाजू फार सुंदर आहे, तिचं नाव काय?
आम्हाला ठाऊक असतं तर!

आणि हे मला फार उशिरा सुचलं, एका मंगळवारी, भांडी घासताना:
त्यांची बाजू आमच्याकडे आली,
तर आमची कुठे गेली?

मार्चमध्ये वेल्सहून पत्र आलं.
निळी शाई, सरळ ओळी, सही श्रीमती अ‍ॅनेस्ट प्रोदरो.
नव्या छपराच्या निधीसाठी रेकॉर्ड काढली होती, लिहिलं होतं.
रविवारी सगळी मंडळी जमली, चहा झाला,
पाद्रीबुवांनी स्वतः सुई ठेवली.
पुढचं त्यांनी लिहिलेलं नव्हतं.
फक्त एवढं: आम्ही ती शेवटपर्यंत ऐकली,
कारण मध्येच उठणं बरं दिसलं नसतं.
तुमच्या ड्रमवाल्या मुलाला सांगा,
हात चांगला आहे, पण घाई फार.
आणि त्याला कुणी थंडीतून आत घेत नाही का?

थंडीचं तिला कसं कळलं?
मी ते पत्र मिकला वाचून दाखवलं.
तो काही बोलला नाही. पत्र मागून घेतलं,
चौकोनी घडी करून जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवलं,
आणि ते मला परत मिळालं नाही.

मिक आता रॉटरडॅमच्या फेरीवर गाड्या लावतो.
भेटला की अजून विचारतो, किती गेल्या?
चारशे सदतीस, मी सांगते.
त्याचे एकेचाळीस पौंड माझ्या वहीत अजून उभे आहेत.
खोडत नाही. देतही नाही.
दिले तर कंपनी बंद होईल.